विजेची पट्टी आणि उघडी जखम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ड्रेसिंग रूम सांभाळते. दाराबाहेर एक बाक आहे. पट्टी बदलायला आलेली माणसं त्यावर बसून मोबाईल चाळतात आणि आत आली की जखमेतले जंतू विजेनं मारणाऱ्या पट्टीचा व्हिडिओ माझ्यापुढं धरतात, "सिस्टर, ही करंटची पट्टी आपल्याकडं मिळती का?" ऊसतोडीहून टोळ्या परतल्या की जखमाही वाढतात आणि प्रश्नही. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकीकडचं दुसरीकडं पुन्हा सांगायला नको. मी नर्स आहे. औषध सुरू करायचं की बंद, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

1. विजेची पट्टी म्हणजे नेमकं काय? तिला वायर असते का?

दोन प्रकार आहेत आणि व्हिडिओत ते सर्रास एकत्र करतात. जुन्या प्रकारात मशीन असतं. जखमेजवळ इलेक्ट्रोड लावून ठरावीक वेळ सौम्य करंट देतात. हे फिजिओथेरपीवाल्यांचं काम. दुसऱ्या प्रकारात वायर नाही, मशीन नाही, चार्जिंग नाही. साध्या कापडावर चांदीचे आणि जस्ताचे बारीक ठिपके छापलेले असतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, एकाआड एक. लांबून पाहिलं तर लहान बाळाच्या झबल्याचं कापड वाटतं. ही पट्टी ओली झाली की ठिपक्याठिपक्यांत वीज सुरू होते. अमेरिकेत ती 'प्रोसेलेरा' या नावानं विकली जाते. या पानावर 'विजेची पट्टी' म्हणजे ही ठिपक्यांची पट्टी. मशीनबद्दल बोलायचं असेल तिथं तसं लिहिलंय.

2. शॉक बसेल का? आणि लाइट गेली तर पट्टी बंद पडेल का?

दोन्हीला उत्तर एकच, नाही. घरातला करंट 230 व्होल्टचा, टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा, आणि ही पट्टी एका व्होल्टच्याही आतली. महावितरणशी तिचा काही संबंध नाही.

3. नुसत्या ठिपक्यांतून वीज कशी येईल? पटत नाही.

मलाही पटत नव्हतं. एका दुपारी मी माझं जुनं, झिजलेलं जोडवं घेतलं आणि न्हाणीघराच्या छपराचा उरलेला जीआय पत्र्याचा तुकडा घेतला. पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी मध्ये ठेवली, वर जोडवं, खाली पत्रा. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या भाच्याचा मीटर आणला होता. एक टोक जोडव्याला, एक पत्र्याला. काटा हलला, पाऊण व्होल्टच्या आसपास. चिंधी पिळून पंख्याखाली वाळवली, काटा खाली. पुन्हा दोन थेंब टाकले, काटा वर.

पट्टीतही हेच होतं. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, चांदीच्या बाजूला ते घेतले जातात, आणि मधला खारट ओलावा हा व्यवहार पुरा करतो. जखमेतून येणारं पाणी खारटच असतं, त्यामुळं तेही चालतं. जोडव्याचा प्रयोग स्वयंपाकघराच्या ओट्यापुरता ठेवा. जखमेवर जोडवं बांधून कुणी येऊ नये. (हसू नका. एक जण नाणं बांधून आला होता.)

4. एवढ्याशा विजेनं जंतू मरतात कसे?

'मरतात' हा शब्द थोडा बाजूला ठेवू. उघड्या जखमेत जंतू असतातच. मोकळे फिरणारे जंतू शरीराच्या पेशी आणि औषधं मिळून आटोक्यात ठेवतात. अवघड जातात ते थर करून बसलेले. बरेच दिवस न धुतलेल्या रांजणाला आतून जो बुळबुळीत थर येतो ना, जवळपास तसाच थर जंतू जखमेत तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. चिकट आवरणाखाली बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. 2008 साली अमेरिकेत जुन्या जखमांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा 60 टक्के जखमांत असा थर सापडला. ताज्या जखमांत तो 6 टक्क्यांतच होता. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचं बरंचसं गुपित इथं आहे.

वीज आणि हा थर यांचा संबंध जुना आहे. 1992 साली संशोधकांनी दाखवलं की थरातल्या जंतूंवर एरवी फारसं न चालणारं जंतुनाशक सौम्य करंटच्या जोडीनं दिलं तर जास्त चालतं. ठिपक्यांच्या पट्टीवरचं गाजलेलं काम ओहायो स्टेट विद्यापीठात चंदन सेन यांच्या गटानं केलं. 2015 साली त्यांनी प्रयोगशाळेत स्यूडोमोनास या जंतूच्या थरावर पट्टी ठेवून पाहिली. थर विस्कटला. जंतू एकमेकांना रसायनांनी निरोप धाडतात आणि पुरेसे जमले की थर बांधायला घेतात. पट्टीखाली या निरोपाची जनुकंच मंदावली. शिवाय पट्टीजवळ सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा तिखट प्रकार थोड्या प्रमाणात तयार होतो, त्याचाही जंतूंना त्रास होतो.

स्यूडोमोनास तुम्ही नावानं ओळखत नसाल, वासानं ओळखता. पट्टी सोडली की कापसावर हिरवट डाग आणि गोडसर, नकोसा वास. तोच तो.

5. शरीरात वीज असते हे खरं की काहीतरीच?

खरं. शाबूत कातडीच्या आत आणि बाहेर काही मिलिव्होल्टचा फरक कायम असतो. कातडी फाटली की त्या जागी बारीक करंट वाहू लागतो आणि कडेच्या पेशी त्याच्या दिशेनं सरकत जखम झाकायला निघतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु बोआ-रेमाँ यानं 1843 साली स्वतःच्या बोटाला चीर देऊन हा करंट मोजला होता. विजेच्या पट्टीकडून जंतू कमी होण्याबरोबर पेशी सरकायला मदत व्हावी ही अपेक्षा यातूनच आली.

6. आमची आई म्हणते जखमेला पाणी लागू देऊ नका. तुम्ही म्हणता पट्टी ओली ठेवा. कुणाचं ऐकायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि निम्म्या पट्ट्या यातच वाया जातात.

आईचं म्हणणं कुठून आलं ते समजतं. आपल्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, आडाचं, उन्हाळ्यात टँकरचं. ते जखमेत गेलं की पू व्हायचा. म्हणून जखम कोरडी, उघडी, वर कडक खपली, म्हणजे बरी होतेय अशी समजूत बसली. पण 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगानं येते. नव्या पेशींना ओल्यावरून सरकता येतं. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट खणत जावं लागतं. काळ्या रानात वापश्यावर पेरलेलं आणि भेगाळल्या रानात पेरलेलं, यातला फरक शेतकऱ्याला सांगायला नको.

म्हणजे ओलावा हवा, पण स्वच्छ. चिखल नको, नहाणीचं साबणपाणी नको, पट्टीतून थबथब गळणारं पाणीही नको. आजूबाजूची चांगली कातडी पांढरी पडून सुरकुतली असेल, फार वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी, तर ओलावा जास्त झाला.

विजेच्या पट्टीला तर ओलावा हेच इंधन. आमच्याकडं एकाच्या मुलानं परदेशाहून अशा सहा पट्ट्या आणल्या होत्या. वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, नडगीवर वर्षभराची जखम. मी पहिली पट्टी भिजवून लावली, समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा पट्टी पापडासारखी कडक. घरी काकू रोज दुपारी वरची पट्टी सोडून टेबल फॅनसमोर पाय ठेवायला लावत होत्या, "हवा लागू दे." म्हणजे दोन दिवस ती पट्टी निव्वळ महागडं फडकं होती. पुढं काय झालं ते प्रश्न 18 मध्ये आहे.

7. पट्टी लावतात कशी? घरी जमेल का?

पहिल्यांदा दवाखान्यातच लावा. नंतर घरातल्या एकानं शिकून घेतलं तर जमतं.

जखम आधी धुवायची. सलाईनची बाटली घ्या. नसेल तर खळखळ उकळून गार केलेलं पिण्याचं पाणीही चालतं. धुतल्यावर मेलेलं, पिवळट-काळं मांस दिसलं तर ते डॉक्टर काढतील. त्याच्यावर पट्टी ठेवणं म्हणजे शेण न सारवता वर रांगोळी काढण्यासारखं. मग पट्टी जखमेपेक्षा थोडी मोठी कापायची, सलाईननं भिजवायची, ठिपक्यांची बाजू जखमेकडं. ही बाजू उलटी होते बरं का, कापताना खूण करून ठेवा. पट्टी जखमेच्या तळाला टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तिथं काही होत नाही. वरून ओलावा धरून ठेवणारं आवरण आणि मग बँडेज.

जखमेला पाणी बऱ्यापैकी येत असेल तर पट्टी आपली आपण ओली राहते. कोरडी जखम असेल तर मध्ये मध्ये सलाईन सोडावं लागतं किंवा पाण्यावर आधारलेलं जेल लावावं लागतं. एक पट्टी जास्तीत जास्त 7 दिवस ठेवता येते, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सात दिवस ओल टिकत नाही. मी तिसऱ्या दिवशी बघतेच. चिकटली असेल तर ओढू नका. आधी सलाईन, पाच मिनिटं थांबा, मग सोडवा.

8. कोणत्या जखमांना उपयोग, कोणत्यांना नाही?

उपयोग होऊ शकतो अशा: रेंगाळलेल्या वरवरच्या जखमा, नडगीवरचे व्रण, झोपून झालेल्या जखमा, ऑपरेशनचे न भरलेले टाके, काही भाजलेल्या जखमा.

नाही: चांदी किंवा जस्ताची ॲलर्जी असेल तर. जखम आत बोगद्यासारखी गेली असेल तर, कारण पट्टी तिथवर पोचत नाही. आत गळू असेल, हाड दिसत असेल, तर आधी डॉक्टर. आणि जखमेसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट जखम नसते. काही महिने न भरणारी, कडा उचललेली, जराशा धक्क्यानं रक्त येणारी जखम कधी कधी कॅन्सर निघते. तिचा तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय कुठलीच भारी पट्टी लावत बसू नका.

9. पट्टीखाली हळद, बीटाडीन, मलम, दगडीपाला, काही लावलं तर चालेल का?

नाही. तेलकट किंवा पेट्रोलियमचं मलम ठिपक्यांवर थर धरतं आणि वीज अडते. बीटाडीनमधलं आयोडीन चांदीशी संयोग पावतं. डॉक्टरांनी बीटाडीन वापरलंच असेल तर सलाईननं पूर्ण धुऊन मग पट्टी. हळदीबद्दल माझं काही वाकडं नाही, भाजीत घाला. दगडीपाल्याचा रस रानात कापल्यावर आपण सगळ्यांनीच लावलाय, पण रानातला पाला म्हणजे रानातली मातीही. चुना, राख, तंबाखू, मोटारसायकलचं जळकं ऑइल यांबद्दल तर बोलायलाच नको.

जाता जाता: दही, वांगं, भात यांनी पू होत नाही. पथ्याच्या नावाखाली माणसाला नुसत्या भाकरीवर ठेवलं की जखम भरायला प्रोटीन कुठून येणार? अंडी, मटकी, शेंगदाणे, डाळ, परवडत असेल तर मटण, सगळं द्या.

10. अण्णांना शुगर आहे, तळपायाला जखम आहे. ही पट्टी लावली तर पाय वाचेल का?

इथं मी मुद्दाम थांबते, कारण या पट्टीवर सगळ्यात जास्त आशा याच घरांनी लावलेली असते.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय कार्यगट आहे. त्यांनी 2019च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की वीज, चुंबक, अल्ट्रासाउंड असल्या उपायांना नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा झुकतं माप देऊ नका. पुरेसा पुरावा नाही. जखम भरावी म्हणून चांदीच्या पट्ट्या वापरण्याबद्दलही त्यांचं मत असंच आहे. म्हणजे पट्टी घातक आहे असं नाही, पण पाय वाचतो तो तिच्यामुळं नाही.

वाचतो कशामुळं? पहिलं, जखमेवरचा भार काढणं. शुगरच्या पायाला बधिरपणा असतो, भोक पडलं तरी दुखत नाही, म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. नवरात्रात तुळजापूरला अनवाणी पायी जाऊन आलेले लोक दर वर्षी येतात. तळव्याला फोड, फोडाची जखम, आणि वर म्हणतात, "दुखत नाही, बरीच आहे." अशा पायाला प्लास्टर किंवा खास बूट लागतो, भरल्यावर एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची चप्पल. घरातसुद्धा. दुसरं, रक्तपुरवठा. पावलावर नाडी लागते का, हे डॉक्टरांनी पाहिलंच पाहिजे. रक्तच पोचत नसेल तर वर चांदी लावा नाहीतर सोनं. तिसरं, शुगर ताब्यात. चौथं, मेलेलं मांस वेळच्या वेळी काढणं. ही चार झाल्यावर पाचव्या नंबरावर पट्टीचा विचार.

पाय लाल होऊन सुजला, लाली वर चढतेय, बोट काळं पडलं, ताप आहे, शुगर अचानक 400 वर गेली, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आपल्याकडं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. 'उद्या बाजार आहे, परवा जाऊ' यात पाय जातात.

11. आजी अंथरुणाला खिळली आहे, पाठीला जखमा झाल्यात. तिला?

बेडसोअरला विजेचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, पण तो मशीनवाल्या विजेचा. 2020 साली कोक्रेन संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले. मशीनचा करंट दिल्यानं जास्त जखमा भरत असाव्यात असा त्यांचा निष्कर्ष आहे. ठिपक्यांच्या पट्टीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. आणि दर दोन तासांनी कूस बदलणं कुठल्याच पट्टीला चुकलेलं नाही. रात्रीची पाळी घरात वाटून घ्या. सगळं सुनेवर टाकू नका.

12. पट्टी लावली म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद करायच्या का?

स्वतःच्या मनानं नाही. पट्टीचं काम जखमेच्या पृष्ठभागावरचं. जंतू आजूबाजूच्या मांसात किंवा रक्तात शिरले असतील तर तिथं गोळी-इंजेक्शनच जातं. उलटही खरं आहे. जखमेत नुसते जंतू आहेत, पण लाली नाही, सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिक लागतंच असं नाही. स्वॅबच्या (जखमेतलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन करतात त्या तपासणीच्या) रिपोर्टवर जंतूचं नाव आलं म्हणजे गोळ्या हव्यातच, ही समजूत सोडा. उगाच खाल्लेल्या गोळ्यांनी जंतू मुरतात आणि मग पुढच्या वेळी औषध चालत नाही.

13. मेडिकलवर चांदीची पट्टी मिळते. तीच ही ना?

नाही. चांदीच्या पट्टीत चांदीचे कण जखमेत उतरून जंतू मारतात. या पट्टीत चांदी जस्ताच्या जोडीला आहे आणि भर विजेवर आहे. अर्थात इथंही थोडी चांदी-जस्त सुटतच असणार, त्यामुळं परिणामातला किती वाटा विजेचा आणि किती धातूंचा, हा वाद संशोधकांत आहे. दुकानदारानं 'सेमच आहे' म्हटलं तर पाकिटावर जस्त लिहिलंय का ते बघा.

14. पट्टी काळी पडली आणि कातडीवरही काळसर डाग दिसतात. सडलं का?

बहुतेक वेळा नाही. चांदी काळवंडते, पैंजणं काळी पडतात तशी, आणि तिचा डाग कातडीला लागतो. धुतल्यावर फिका होतो. सडण्याचं काळं वेगळं. त्याला वास असतो, ते धुऊन जात नाही, बाजूची कातडी गार किंवा सुजलेली असते. शंका असेल तर फोटो पाठवू नका, माणूस आणा. पट्टीखाली खाज, पुरळ किंवा वाढती जळजळ असेल तर पट्टी काढा. पहिले काही मिनिटं हलकी चुणचुण होणं वेगळं.

15. एमआरआय आहे, पेसमेकर आहे. पट्टी ठेवली तर चालेल?

एमआरआयच्या आधी पट्टी काढायचीच, तिच्यात धातू आहे. पेसमेकर असेल तर मशीनवाला करंट घ्यायचा नाही. ठिपक्यांची पट्टी लावण्याआधीही डॉक्टरांना पेसमेकरचं सांगा.

16. ताजी जखम आहे, कोयत्याची. लगेच ही पट्टी लावावी का?

आधी स्वच्छ कापडानं घट्ट दाबून रक्त थांबवा, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली माती धुवा, सहा तासांच्या आत दवाखान्यात पोचा. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, ही पहिली गरज. ताज्या स्वच्छ जखमेत जंतूंचा थर अजून बसलेलाच नसतो (प्रश्न 4), मग तो मोडणार काय? मळणी यंत्रात हात गेला, बैलानं शिंग मारलं, तर जखम वरून दिसते त्यापेक्षा आत जास्त असते. सर्पदंश असेल तर जखमेला चिरू नका, बांधू नका, काही लावू नका. 108ला फोन.

17. भाजलेल्या जखमेला चालते का?

आधी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई नको. गुऱ्हाळावर उकळता रस अंगावर सांडतो तेव्हा तर पाण्याला पर्यायच नाही, कारण तो चिकटून भाजत राहतो.

त्यानंतरची गोष्ट: सेन यांच्याच गटानं डुकरांच्या भाजलेल्या जखमांत मुद्दाम दोन जंतूंची लागण करून पट्टी वापरून पाहिली. डुकराची कातडी आपल्या कातडीशी बरीच मिळतीजुळती. थर कमी झाला आणि जखमा जास्त चांगल्या भरल्या. माणसाच्या मोठ्या भाजण्यात निर्णय बर्न वॉर्डाचाच.

18. कुठं मिळते? खर्च योजनेत बसतो का? आणि फरक पडतो का खरंच?

आमच्या गावच्या मेडिकलवर मी ती पाहिलेली नाही. ज्यांनी लावली त्यांनी बाहेरून मागवली होती आणि ती साध्या पट्टीच्या कित्येक पट महाग पडली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजना ठरलेल्या उपचारांची असते, घरून आणलेल्या पट्टीचं बिल तिथं लावता येत नाही.

फरकाचं विचारलंत तर कंडक्टर काकांचं ऐका. टेबल फॅन बंद केल्यावर दुसऱ्या पट्टीपासून हिरवं पाणी कमी झालं, चौथ्या पट्टीला वास गेला. जखम लाल, स्वच्छ दिसायला लागली. पण आकार तेवढाच. मग सर्जननं पाय पाहिला, व्हेरिकोजच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या आणि पायाला चार पदरी दाबपट्टी बांधायला लावली. तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली होती त्यांनी, शिरांतलं रक्त वर चढतच नव्हतं. दाबपट्टीनंतर अडीच महिन्यांत जखम भरली. काका सगळ्यांना सांगतात, अमेरिकेच्या पट्टीनं बरा झालो. मी काही बोलत नाही, पण दाबपट्टीची गुंडाळी अजून त्यांच्या पायात असते.

19. आणखी नवीन काय येतंय?

2022 साली स्टॅनफर्डच्या गटानं जखम स्वतः तपासून करंट देणारी पट्टी दाखवली. 2024 साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या गटानं पाण्याच्या थेंबावर चालणाऱ्या मॅग्नेशियमच्या बॅटरीची पट्टी केली. मधुमेही उंदरांच्या जखमा साध्या पट्टीपेक्षा 30 टक्के लवकर भरल्या. उंदरांच्या. ऑनलाइन कुणी आजच ती विकत असेल तर पैसे पाठवू नका.

20. मी वायरमन आहे. 9 व्होल्टचा सेल आणि दोन तारा लावून घरीच केलं तर?

नको. असले तीन जण मला भेटलेत, तिघंही हुशार. सेलच्या दोन टोकांपाशी ओल्या मांसात एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला अल्क तयार होतं, कॉस्टिक सोड्यासारखं. दुखत नाही म्हणून माणूस ठेवून देतो, आणि सकाळी तारेखाली नवीन जखम असते, आधीच्यापेक्षा खोल. छापील पट्टीत वीज हजारो ठिपक्यांत विभागलेली असते. तुमच्या तारेत ती दोनच जागी एकवटते. हात चालतोच आहे तर भाच्यासारखा मीटर घेऊन प्रश्न 3 चा प्रयोग करा.

21. आमच्या बैलाच्या खांद्याला जखम आहे. माणसाची पट्टी उरलीय, लावू का?

तत्त्वतः चालायला हरकत नाही, पण बैलाच्या खांद्यावर ती टिकणार कशी? तो गोठ्याच्या खांबाला घासून दोन मिनिटांत काढेल. जखमेत अळ्या आहेत का ते आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पोळ्याच्या खांदेमळणीला लोणी-हळद उघड्या जखमेवर चोळू नका, बाजूनं मळा. आणि जू घासून झालेली जखम, जू वर असेपर्यंत भरत नाही. खांद्यावर केस येईपर्यंत त्याला जुंपू नका. पेरणी तोंडावर असेल तर भावकीतला बैल मागून आणा.